आवाज ऐकू येण्यापूर्वी

स्किझोफ्रेनिया या आजाराचे जे चित्र सर्वसामान्यांच्या मनात असते, ते बहुधा आजार पुरता बळावल्यानंतरचे असते: रस्त्याने एकट्याने बोलत जाणारा, न दिसणाऱ्या शत्रूंना शिव्या देणारा, अंगावरच्या कपड्यांचे भान सुटलेला माणूस. या चित्राने केलेले मोठे नुकसान म्हणजे, घरातल्या मुलाच्या, सुनेच्या किंवा भावाच्या वागण्यात महिनोन्‌महिने सावकाश पडत गेलेला फरक त्याच्याशी कुठेच जुळत नाही आणि त्यामुळे फरक दिसूनही आजाराची शंका येत नाही. प्रत्यक्षात बहुसंख्य रुग्णांमध्ये आजाराची सुरुवात आरडाओरड्याने होत नाही. ती इतकी निमूटपणे होते की घरचे लोक तिला आळस, वयाचा परिणाम, परीक्षेचा ताण किंवा प्रेमभंग यांपैकी कोणते तरी ओळखीचे नाव देऊन मोकळे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना, म्हणजे दर ३०० माणसांमागे साधारण एकाला हा आजार आहे. प्रौढांपुरते पाहिले तर प्रमाण याहून थोडे अधिक भरते. आजारात विचार, भावना, आकलन आणि इच्छाशक्ती या सर्वांवर परिणाम होतो. बाहेर काहीही नसताना आवाज ऐकू येणे किंवा काही दिसणे याला भास म्हणतात, तर कोणत्याही पुराव्याने न हलणारी चुकीची खात्री म्हणजे भ्रम होय. भास आणि भ्रम यांमुळे वास्तवाशी असलेले नाते तुटते, त्या अवस्थेला वैद्यकात सायकोसिस हे नाव आहे. सायकोसिस उघड होण्यापूर्वी अनेक रुग्णांमध्ये काही आठवड्यांपासून काही वर्षांपर्यंत चालणारा जो बदलाचा काळ असतो, त्याला पूर्वसूचक अवस्था म्हणतात. काही रुग्णांत मात्र हा काळ जवळजवळ नसतोच आणि आजार दोन-चार दिवसांत भडकतो.

पूर्वसूचक अवस्थेतल्या खुणा ओळखायच्या तर मोजमाप कोणते वापरायचे, हा कळीचा प्रश्न आहे, कारण सुटी पाहिली तर त्यांतली जवळजवळ प्रत्येक खूण निरोगी माणसातही आढळते. घुमेपणा हा काही माणसांचा जन्मजात स्वभाव असतो, पहाटेपर्यंत जागणारे विद्यार्थी घरोघरी असतात आणि अंघोळीचा कंटाळा हे काही मनोविकाराचे लक्षण नव्हे. म्हणून शेजारच्या मुलाशी किंवा ‘सर्वसाधारण’ माणसाशी केलेली तुलना इथे उपयोगी पडत नाही. तुलना करायची ती त्या व्यक्तीच्याच वर्ष-दीड वर्षापूर्वीच्या रूपाशी, आणि ती करण्याइतकी माहिती डॉक्टरांजवळ नसते, घरच्यांजवळच असते. गल्लीत क्रिकेटची टीम जमवणारा मुलगा मित्र दाराशी आले तरी खोलीबाहेर येईनासा होतो, दहावी-बारावीत उत्तम गुण मिळवलेली मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सलग विषय राहू देते आणि त्याचे तिला वाईटही वाटत नाही, स्वच्छतेबाबत काटेकोर असलेला तरुण तेच कपडे आठवडाभर घालतो. बदलाचे गांभीर्य कळते ते अशा फरकातून. त्यातही अभ्यास, नोकरी, मैत्री, झोप आणि स्वतःची निगा अशा अनेक बाजूंनी एकाच वेळी घसरण सुरू असेल आणि ती काही आठवडे टिकली असेल, तर तिला आळस म्हणून चालणार नाही.

या निमूट खुणांना वैद्यकशास्त्राने दुय्यम मानलेले नाही. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉइलर यांनी १९०८ साली या आजाराला आजचे नाव दिले आणि १९११ च्या आपल्या ग्रंथात भास आणि भ्रम यांना आनुषंगिक लक्षणांत टाकून विचारांची साखळी विस्कळित होणे, भावना बोथट होणे, एकाच गोष्टीविषयी परस्परविरोधी ओढ वाटणे आणि स्वतःच्याच विश्वात मिटून जाणे यांना मूळ लक्षणांचे स्थान दिले. आजची निदानपद्धती त्या वर्गीकरणावर चालत नाही. परंतु घरच्यांच्या दृष्टीने ब्लॉइलर यांचा क्रमच अधिक उपयोगाचा आहे, कारण घरात आधी तेच दिसते. पुढे १९५८ मध्ये क्लाउस कोनराड या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी आरंभीच्या टप्प्याचे जे वर्णन केले, तेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. रंगमंचावर जाण्याआधी नटाच्या छातीत जी धडधड होते, तिच्यासाठी असलेला शब्द त्यांनी या टप्प्याला दिला: काहीतरी घडणार आहे असे रुग्णाला सतत वाटते, पण काय घडणार हे सांगता येत नाही, आणि भोवतालचे सगळे तेच असूनही बदललेले भासते. पुढच्या टप्प्यात या अस्वस्थतेला एकदम अर्थ सापडतो, समोरून येणारी मोटार, टीव्हीवरच्या निवेदिकेचे वाक्य, शेजाऱ्याचे खोकणे हे सारे आपल्यालाच उद्देशून आहे असा उलगडा होतो, आणि रुग्णाला त्यातून काही काळ चक्क सुटल्यासारखे वाटते. इतरांना हास्यास्पद वाटणारा भ्रम रुग्ण सोडायला तयार का होत नाही, याचे एक उत्तर इथे मिळते.

आजार बहुधा ज्या वयात सुरू होतो, ते वयच खुणा झाकून टाकणारे असते. पुरुषांमध्ये तो प्रामुख्याने किशोरवयाच्या अखेरीस आणि विशीच्या पूर्वार्धात दिसू लागतो. स्त्रियांमध्ये सरासरीने काही वर्षे उशिरा, म्हणजे विशीत आणि तिशीत, आणि काही जणींत चाळिशीनंतरही. महाराष्ट्रातल्या मुलाच्या आयुष्यात ही वर्षे बारावीची, प्रवेशपरीक्षांची, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करण्याची असतात. अभ्यासिकेत दिवसभर एकटे बसणे, गावाकडे फोन न करणे, जेवणाच्या वेळा न पाळणे हे सारे तिथे मेहनतीचे लक्षण समजले जाते. त्यामुळे एखादा विद्यार्थी सहा महिने एकाच पानाशी अडून बसला आहे, त्याला वाचलेल्या वाक्याचा अर्थ लागत नाही, हे खोलीतल्या सोबत्यालाही कळत नाही आणि पैसे पाठवणाऱ्या आईवडिलांना तर मुळीच नाही. मुलींच्या बाबतीत आजाराचा आरंभ लग्न, स्थलांतर आणि बाळंतपण यांच्या आगेमागे येऊ शकतो. नव्या सुनेचे गप्प राहणे लाजरेपणात जमा होते, तिचा संशय सासरच्या तक्रारींत मिसळून जातो, आणि अनेकदा त्या तक्रारींत तथ्यही असते, त्यामुळे खरी तक्रार आणि भ्रम वेगळे काढणे तज्ज्ञालाही सोपे जात नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत झोप पूर्ण उडणे, असंबद्ध बोलणे, बाळाविषयी विपरीत कल्पना मनात येणे ही लक्षणे दिसली, तर तो निराळा आणि तातडीचा आजार असतो. त्यात एक दिवसही थांबू नये.

सुरुवातीच्या निमूट खुणांनंतरच्या टप्प्यात घरात लहान-लहान विचित्र गोष्टी साठू लागतात. खिडकीच्या काचेला वर्तमानपत्र चिकटवलेले दिसते. मोबाईल रात्री कपड्यांत गुंडाळून कपाटात ठेवला जातो, कारण त्यातून कोणीतरी ऐकत असते. ताट समोर आले की मुलगा वास घेतो, भावाच्या ताटाशी अदलाबदल करतो, आणि ‘ह्यात काही कालवलंय का?’ असे आईला विचारतो. मालिका चालू असताना तो उठून टीव्ही बंद करतो आणि कारण सांगत नाही. बोलता बोलता वाक्य मध्येच थांबते, मान एका बाजूला कलते, जणू पलीकडच्या खोलीतून कोणी हाक मारली. ओठ हलतात, कोणी विनोद केलेला नसताना हसू फुटते. अशा वेळी तो आपल्याच तंद्रीत असतो असे घरचे म्हणतात, आणि तंद्री या शब्दाने काम भागवतात. चेहऱ्यावरचे भाव कमी होणे, बोलणे एकसुरी होणे, आनंदाच्या किंवा दुःखाच्या बातमीला भलताच प्रतिसाद येणे हेही याच काळात जाणवते. दिवस-रात्रीचे चक्र उलटणे ही वारंवार आढळणारी खूण असून सायकोसिस भडकण्याच्या आधी झोप जवळपास नाहीशी होताना दिसते.

संशय आणि भ्रम यांतली सीमा ओळखण्यास एक साधी कसोटी मदत करते. सुरुवातीच्या काळात रुग्णाच्या मनात प्रश्नाला जागा असते. शेजारी आपल्याविषयी बोलतात असे त्याला वाटते, पण ‘कदाचित माझाच समज असेल’ हेही तो म्हणू शकतो. ही जागा आक्रसत जाऊन संशयाचे खात्रीत रूपांतर झाले, की आजाराची जाणीवही मावळते, आणि मग ‘मला काही झालेले नाही, डॉक्टरकडे तुम्हीच जा’ हे वाक्य ऐकू येते. हा हट्ट नसतो, आजाराचाच भाग असतो. म्हणूनच प्रश्नाला जागा आहे तोवर रुग्णाला तज्ज्ञापर्यंत नेणे कितीतरी सोपे असते.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पूर्वसूचक खुणा असलेल्या प्रत्येकाला स्किझोफ्रेनिया होत नाही. तज्ज्ञांनी कसून तपासून ‘उच्च जोखीम’ गटात घातलेल्या तरुणांमध्येसुद्धा तीन वर्षांत सायकोसिस होणाऱ्यांचे प्रमाण साधारण एक-चतुर्थांशाच्या आसपास आढळते. उरलेल्यांपैकी कित्येकांमागे नैराश्य, चिंताविकार किंवा व्यसन असते, तर काही जण सावरतात. थायरॉईडचे विकार, फेफरे, मेंदूचा संसर्ग आणि गांजा यांमुळेही असेच चित्र उभे राहू शकते. गांजाविषयी विशेष सांगायला हवे, कारण ‘ती वनस्पती आहे, नैसर्गिक आहे’ हा समज तरुणांत पक्का आहे. कोवळ्या वयात सुरू केलेला, वारंवार आणि तीव्र प्रतीचा गांजा सायकोसिसची जोखीम वाढवतो, हे अनेक अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. तसेच समाजाने मान्य केलेल्या श्रद्धेचा अनुभव म्हणजे आजार नव्हे. जागरात अंगात येणारी बाई दुसऱ्या दिवशी शेतावर कामाला जाते, तिचा अनुभव भोवतालच्या माणसांना समजतो आणि तो वेळ-प्रसंग पाळून येतो. आजारातला अनुभव माणसाला एकटे पाडतो आणि कामातून उठवतो. तेव्हा घरच्यांचे काम निदान करण्याचे नाही, फक्त बदल हेरण्याचे आणि तपासणीपर्यंत पोहोचवण्याचे आहे.

उशीर झाल्याने काय बिघडते, याचे उत्तर नॉर्वेतल्या एका प्रयोगाने दिले. स्टाव्हांगर शहर ज्यात येते त्या रोगालांड परगण्यात १९९७ पासून वर्तमानपत्रे, रेडिओ, चित्रपटगृहे आणि शाळा यांमधून सायकोसिसच्या आरंभीच्या खुणांची माहिती लोकांना सतत देण्यात आली आणि कोणालाही थेट फोन करता येईल अशी तपासणी पथके नेमली गेली. सायकोसिस सुरू झाल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा मध्यक काळ, म्हणजे ज्याच्या अलीकडे निम्मे आणि पलीकडे निम्मे रुग्ण येतात तो, तिथे ५ आठवड्यांवर आला. तुलनेसाठी घेतलेल्या इतर भागांत तो १६ आठवडे होता. मोहीम थांबताच रोगालांडमध्येही तो पुन्हा १५ आठवड्यांवर गेला. दहा वर्षांनंतर पाहणी केली, तेव्हा लक्षणमुक्त होऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्यांचे प्रमाण मोहिमेच्या भागात जवळपास दुप्पट आढळले. औषध तेच, डॉक्टरही त्याच शिक्षणाचे. बदलले होते ते प्रामुख्याने लोकांचे ओळखणे आणि त्यानंतरची धावाधाव.

महाराष्ट्रात अशी व्यापक सरकारी मोहीम झालेली नसली, तरी ओळख करून देण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनी स्वतः अंगावर घेतल्याचे एक ठळक उदाहरण आहे. पत्नीच्या आजारामुळे या विषयाशी जोडले गेलेले, कॅनडात स्थायिक झालेले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था स्थापन केली. त्यांच्याच पुढाकाराने सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ मध्ये आला, ज्यात अतुल कुलकर्णी यांनी रुग्णाची आणि सोनाली कुलकर्णी यांनी त्याच्या बहिणीची भूमिका केली आहे. हिंदी चित्रपटांनी वेड्यांचे जे विदूषकी किंवा खुनशी रूप वर्षानुवर्षे विकले, त्याच्या पार्श्वभूमीवर या चित्रपटाने दाखवलेले घर मराठी प्रेक्षकाला आपले वाटले.

शंका आल्यावर घरात पहिल्यांदा करण्यासारखी गोष्ट म्हणजे नोंद ठेवणे. तारीख, काय दिसले, किती वेळ चालले, त्या दिवशी झोप आणि जेवण किती झाले, एवढे पुरे. ‘वेड्यासारखा वागला’ अशी नोंद निरुपयोगी, ‘रात्री दोन ते चार गच्चीवर फेऱ्या मारल्या, कोणाशी तरी बोलल्यासारखे हातवारे केले’ ही उपयोगी. मानसोपचार विभागाच्या गर्दीच्या ओपीडीत केसपेपर पुढे सरकवल्यावर मिळणाऱ्या थोड्या मिनिटांत रुग्ण बहुतेक वेळा नीटनेटके बोलतो आणि घरचे गोंधळून गप्प राहतात. अशा वेळी महिनाभराच्या तारीखवार नोंदीने डॉक्टरांना जे कळते, ते कळायला एरवी तीन भेटी लागल्या असत्या. कोणत्याही रक्ततपासणीत किंवा स्कॅनमध्ये स्किझोफ्रेनिया दिसत नाही. त्या तपासण्या इतर आजार वगळण्यासाठी केल्या जातात आणि निदान माहितीवर व निरीक्षणावरच होते.

रुग्णाशी बोलताना भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याला होकारही देऊ नये. ‘असे कोणी नाही, तुझ्या डोक्यातले खूळ आहे’ याने तो दुरावतो; ‘हो, शेजारी तसेच आहेत’ याने भ्रम पक्का होतो. ‘तुला झोप लागत नाही, जेवण जात नाही, त्याचा त्रास होतो आहे ना, त्यासाठी डॉक्टरांना दाखवू’ असे त्याला पटणाऱ्या त्रासावरून सुरुवात केली, तर दार उघडण्याची शक्यता वाढते. त्याचा विश्वास वडिलांवर नसेल आणि मामावर किंवा जुन्या शिक्षकांवर असेल, तर बोलणे त्यांनीच करावे. फसवून नेणे तात्पुरते साधते, पण पुढच्या वेळी तो पाऊल उचलत नाही. सतत टीका आणि राग असलेल्या घरात आजार लवकर उलटतो, हे लंडनमधल्या १९५० नंतरच्या संशोधनातून पुढे आले. चंदीगडमध्ये केलेल्या अशाच अभ्यासात भारतीय घरांत अशी टीका तुलनेने कमी आढळली, ही आपल्याकडची जमेची बाजू. ती टिकवणे मात्र मोठ्या घरातल्या दहा सल्लागारांमुळे अवघड होते, हेही खरे.

या सल्लागारांचा पहिला सल्ला अनेकदा देवऋषीचा आणि दुसरा लग्नाचा असतो. दुसऱ्याबद्दल थोडक्यात: लग्नाने हा आजार बरा होत नाही, ताण मात्र वाढतो, आणि लपवून केलेल्या लग्नात दोन आयुष्ये अडकतात. पहिल्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. या मनाईमागे ६ ऑगस्ट २००१ ची आठवण आहे: तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खासगी आश्रयस्थानाला लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण मरण पावले. ज्या घराची श्रद्धा आहे, त्याने दर्ग्याला किंवा देवळात जाऊ नये असे कोणी म्हणत नाही. औषध थांबवून जाऊ नये, एवढेच.

स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची आज्ञा देणारे आवाज, मरणाची भाषा, अन्नपाणी पूर्ण सोडणे, तासन्‌तास एकाच स्थितीत निश्चल बसणे, ही वेळ न दवडण्याची चिन्हे आहेत. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी सुमारे ५ टक्के रुग्ण आत्महत्येने दगावतात आणि आजाराच्या पहिल्या काही वर्षांत हा धोका अधिक असतो. रुग्ण तयार नसताना दाखल करणे अटळ झाले, तर २०१७ च्या कायद्यानुसार नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णय घेण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीच्या, अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी तसे करता येते. त्याआधीच्या पायरीवर केंद्र सरकारची टेलिमानस ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतून सल्ला देते, आणि जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांचे नाव काढताच लोक दचकतात, पण तिथला बाह्यरुग्ण विभाग हा इतर दवाखान्यांसारखाच तपासून गोळ्या देऊन घरी पाठवणारा विभाग आहे.

उपचार सुरू झाल्यावर औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि वजन वाढणे, सुस्ती, अंग ताठरणे असे दुष्परिणाम आधी जाणवू शकतात. ते सोसत राहण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे, कारण औषध बदलता येते. बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे हे आजार उलटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. आजार उलटताना बहुतेक रुग्णांत पहिल्या वेळच्याच खुणा पुन्हा दिसतात आणि क्रमही बहुधा तोच असतो: कोणाची झोप आधी जाते, कोणी फोन उचलणे बंद करतो, कोणी देव्हाऱ्यापुढे तास वाढवत नेतो. पहिल्या वेळी ठेवलेली वही या वेळी कामाला येते. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा हक्कही दिला आहे, म्हणजे बरे असतानाच तो लेखी ठरवू शकतो की पुन्हा आजारी पडल्यास कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि त्या काळात त्याच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा. स्वतःच्या पहिल्या खुणा कोणत्या, त्या दिसल्या की घरच्यांनी किती दिवसांत दवाखाना गाठायचा, हेही त्याच वेळी डॉक्टरांसमोर बोलून कागदावर उतरवता येते. आणि ती यादी करताना घरच्यांच्या नजरेतून सुटलेल्या एक-दोन खुणा रुग्ण स्वतःच सांगतो.